मान आणि अधिकार : चित्रकार व्हिन्सेंट नमात्जिरा

कलावंताचा गौरव झाला म्हणजे त्यास न्याय मिळाला, असा आपल्या मनाचा एक सोयीस्कर समज असतो. सभा भरवावी, हार घालावा, पदक द्यावें, वृत्तपत्रांत छायाचित्र छापावें, आणि त्या कलावंताचें व त्याच्या लोकांचें देणें फिटलें असें मानून स्वस्थ बसावें, ही रीत बहुतेक देशांत सारखीच आहे. परंतु मान आणि अधिकार ह्या दोन वस्तु एक नव्हेत. मान देणाऱ्याच्या हातीं तो परत घेण्याचें सामर्थ्यहि राहतें. अधिकार एकदां मिळाला म्हणजे तो घेणाऱ्याचा होतो. हा भेद ज्या घराण्याच्या इतिहासांत आम्हांस अत्यंत स्पष्ट दिसला, त्या ऑस्ट्रेलियांतील नमात्जिरा घराण्याची, आणि विशेषतः त्यांतील आजचा चित्रकार व्हिन्सेंट ह्याची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ह्या घराण्याचा इतिहास दोन सालांमध्यें बांधतां येतो. सिडनी येथें न्यू साउथ वेल्स प्रांताचें जें कलासंग्रहालय आहे, त्याच्यातर्फे व्यक्तिचित्रासाठीं आर्चिबाल्ड पारितोषिक दिलें जातें. १९२१ सालीं सुरू झालेलें हें पारितोषिक त्या देशांत इतकें लोकप्रिय आहे कीं, एरवीं चित्रकलेशीं कांहीं संबंध नसलेलीं माणसेंहि त्याच्या निकालाची चवीनें चर्चा करतात. १९५६ सालीं हें पारितोषिक विल्यम डार्गी ह्या गोऱ्या चित्रकारास मिळालें. त्याच्या चित्राचा विषय होता आल्बर्ट नमात्जिरा, त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकीं एक. २०२० सालीं तेंच पारितोषिक व्हिन्सेंट नमात्जिरा ह्यास मिळालें. हा आल्बर्टचा पणतू. पणजोबा चौकटीच्या आंत बसला होता. पणतू कुंचला घेऊन चौकटीसमोर उभा राहिला. मधल्या चौसष्ट वर्षांचा हिशेब मांडल्यावांचून व्हिन्सेंटच्या चित्रांचा अर्थ लागत नाहीं. म्हणून प्रथम पणजोबाकडे वळूं.

ऑस्ट्रेलिया म्हटला म्हणजे आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें सिडनी व मेलबर्न हीं समुद्राकांठचीं नगरें आणि तेथील क्रिकेटचीं मैदानें उभीं राहतात. त्या खंडाचा मध्यभाग मात्र अगदीं निराळा आहे. तेथें तांबडी माती, जांभळट दिसणाऱ्या डोंगरांच्या रांगा, वर्षांतून बहुतेक काळ कोरडीं राहणारीं नदीचीं पात्रें आणि शुभ्र बुंध्याचे, निलगिरीच्या जातीचे एकाकी वृक्ष असा देखावा आहे. ह्या प्रदेशांत, अॅलिस स्प्रिंग्ज गांवाच्या पश्चिमेस, लूथरपंथी जर्मन मिशनऱ्यांनीं १८७७ सालीं हरमान्सबर्ग नांवाचें ठाणें वसविलें. तेथें ता. २८ जुलै १९०२ रोजीं अरंडा जमातीच्या एका कुटुंबांत आल्बर्टचा जन्म झाला. आईबापांनीं ठेवलेलें नांव एलिया. बाप्तिस्म्यानंतर तो आल्बर्ट झाला. मिशनच्या शाळेंत तो शिकला आणि जमातीच्या वडीलधाऱ्यांकडून दीक्षाहि घेतली. दोन्ही जगांचे संस्कार त्याच्या अंगीं होते, आणि दोन्ही जगांच्या ओझ्याखालीं तो पुढें वांकला.

पोटासाठीं त्यानें लोहारकाम, सुतारकाम, गुरें राखणें व उंट हांकणें असे नाना उद्योग केले. (हे उंट मूळचे त्या खंडांतले नव्हत, एकोणिसाव्या शतकांत ते कराचीसारख्या बंदरांतून, हांकणाऱ्यांसह, तेथें नेण्यांत आले.) पुढें १९३४ सालीं रेक्स बॅटर्बी व जॉन गार्डनर ह्या दोघां चित्रकारांनीं मिशनमध्यें आपल्या चित्रांचें प्रदर्शन मांडलें. पहिल्या महायुद्धांत जबर जखमी होऊन परत आलेला हा बॅटर्बी जलरंगांत देखावे काढीत असे. तीं चित्रें पाहून, आपला मुलूख कागदावर उतरूं शकतो, हें आल्बर्टच्या ध्यानीं आलें. १९३६ सालीं बॅटर्बी पुन्हां आला, तेव्हां आल्बर्ट उंटवाला म्हणून त्याच्याबरोबर हिंडला आणि मोबदल्यांत त्याच्याकडून रंग लावण्याची रीत शिकला. ही शिकवणी फार तर दोन महिन्यांची. परंतु शिष्याची तयारी अशी कीं, १९३८ च्या डिसेंबरांत मेलबर्न येथें त्याचें स्वतंत्र प्रदर्शन भरलें आणि मांडलेलीं एकेचाळीस चित्रें तीन दिवसांत विकलीं गेलीं. पुढच्याच वर्षीं अॅडलेडच्या सरकारी कलासंग्रहालयानें त्याचें एक चित्र विकत घेतलें.

त्या काळच्या टीकाकारांनीं मात्र त्याच्याकडे नाकें मुरडूनच पाहिलें. कोणी म्हणाले, हें युरोपीय पद्धतीचें अनुकरण आहे. कोणी म्हणाले, ह्यांत ‘खरी’ आदिवासी कला कोठें आहे? आम्हांस ह्या आक्षेपांत एक गमतीचा अन्याय दिसतो. आल्बर्टनें जुन्या खुणा काढल्या असत्या तर त्या वस्तुसंग्रहालयांतल्या कुतूहलाच्या वस्तु ठरल्या असत्या. त्यानें जलरंग हातीं घेतला तर तो नकल्या ठरला. वस्तुतः त्यानें निवडलेले डोंगर, दऱ्या व झाडें हीं कोणा प्रवाशाच्या सहज नजरेस पडलेलीं ठिकाणें नव्हतीं. तीं त्याच्या पूर्वजांच्या कथांनीं भारलेलीं स्थळें होतीं. आपल्याकडे एखाद्या वारकऱ्यानें पंढरीच्या वाळवंटाचें चित्र काढावें, आणि परक्यानें त्यास नुसता नदीकांठचा देखावा म्हणावें, तसाच हा प्रकार झाला. ह्या देखाव्यांत आल्बर्ट एक दावा सांगत होता : ही भूमि आम्ही ओळखतों, ही आमची आहे. गोऱ्या घरांतील दिवाणखान्यांच्या भिंतींवर हा दावा हजारों प्रतींच्या रूपानें टांगला गेला. वाचला मात्र कोणीं नाहीं.

आतां मान आणि अधिकार ह्यांचा ताळा पाहावा. १९५३ सालीं राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाचें पदक आल्बर्टला मिळालें. १९५४ सालीं त्यास कॅनबेरास नेऊन राणीची भेट घडविण्यांत आली. १९५५ सालीं न्यू साउथ वेल्सच्या रॉयल आर्ट सोसायटीनें त्यास सन्माननीय सभासद करून घेतलें. ह्याच मनुष्यानें गुरें पाळण्यासाठीं कुरणाचा परवाना मागितला, तो नाकारला गेला. अॅलिस स्प्रिंग्ज गांवांत घर बांधावें म्हटलें, तर तेंहि साधलें नाहीं; गांवाबाहेर मॉरिस सोक नांवाच्या ठिकाणीं झोपड्यांत त्यास दिवस काढावे लागले. प्राप्तीवरील कर मात्र सरकार त्याच्याकडून घेत असे. शिवाय त्याच्या जमातीचा धर्म असा कीं, एकाची मिळकत ती सर्व आप्तांची; त्यामुळें शेंकडों माणसांचा भार त्याच्या कुंचल्यावर होता.

उत्तर प्रांतांतील मूळ रहिवासी त्या वेळीं कायद्यानें सज्ञान नागरिक नव्हते. १९५३ च्या वेल्फेअर ऑर्डिनन्सखालीं ते सरकारचे ‘पाल्य’ गणले जात. कोठें राहावें, कोणाशीं लग्न करावें, मिळकतीचें काय करावें, ह्या सर्वांवर अधिकाऱ्यांची देखरेख. १९५७ सालीं ह्या पाल्यांची नांवनिशी जाहीर झाली, तींतून आल्बर्ट व त्याची पत्नी रुबिना ह्यांस वगळण्यांत आलें. म्हणजे तीं दोघें नागरिक झालीं. त्यांचीं मुलें मात्र पाल्यच राहिलीं! बाप नागरिक आणि मुलगे पाल्य, हा कायद्याचा विनोद लौकरच प्राणघातक ठरला. नागरिकास दारू विकत घेण्याची मुभा होती, परंतु ती पाल्यास देणें हा गुन्हा होता. जमातीचा नियम सांगे कीं, जवळ असेल तें भावाबंदांस द्यावें. सरकारचा नियम सांगे कीं, दिलेंस तर तुरुंग. १९५८ सालीं हेनॉक राबेराबा ह्या नात्यांतील चित्रकारास दारू मिळूं दिली, ह्या आरोपावरून आल्बर्टला सहा महिन्यांची शिक्षा झाली. देशभर ओरड झाली. अपिलांत शिक्षा तीन महिन्यांवर आली आणि ती पापुन्या येथील राखीव वसाहतींत भोगावी असें ठरलें. दोन महिन्यांनीं, १९५९ च्या मे महिन्यांत तो सुटला. पण तो मनानें खचला होता. ता. ८ ऑगस्ट १९५९ रोजीं, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं, तो अॅलिस स्प्रिंग्ज येथें निवर्तला. राणीचें पदक मिळाल्यापासून उण्यापुऱ्या सहा वर्षांत ही कथा संपली.

मृत्यूनंतरहि हिशेब चुकता झाला नाहीं. १९६७ च्या जनमतांत शेंकडा नव्वदांहून अधिक मतदारांनीं राज्यघटनेंतील भेदाचीं कलमें दुरुस्त करण्यास संमति दिली, त्याचें श्रेय आल्बर्टच्या दुःखद अंतानें हललेल्या लोकमतासहि थोडेंबहुत द्यावें लागेल. परंतु १९८३ सालीं सरकारी विश्वस्तानें आल्बर्टच्या चित्रांच्या पुनर्मुद्रणाचा हक्क एका प्रकाशनसंस्थेस अवघ्या ८,५०० डॉलरांस विकला. सुमारें दोन हजार चित्रांच्या धन्याच्या वंशजांस त्या चित्रांच्या छापील प्रतींतून पैसा मिळेनासा झाला. हा हक्क घराण्याच्या विश्वस्तनिधीकडे परत आला, तो २०१७ च्या ऑक्टोबरांत, नांवापुरत्या एका डॉलरला.

ज्या १९८३ सालीं हा हक्क विकला गेला, त्याच सालीं अॅलिस स्प्रिंग्ज येथें व्हिन्सेंटचा जन्म झाला. १९९१ सालीं त्याची आई वारली. सरकारी व्यवस्थेनें त्यास व त्याच्या बहिणीस दूर पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ शहरीं परक्या कुटुंबांत वाढावयास पाठविलें. भाषा गेली, नातीं गेलीं, आणि ज्याचें नांव त्या देशांत पोरासोरांस ठाऊक, तो आपला पणजोबा होता, ह्याचाहि त्याला नीट पत्ता नव्हता. अठराव्या वर्षीं तो मोकळा झाला आणि आपलीं माणसें शोधीत मध्यप्रदेशांतील हरमान्सबर्गला परतला. दुसऱ्याच्या घरीं वाढलेल्या मुलास आपलें कुळ पुस्तकांतून व चित्रांतून ओळखावें लागावें, ह्यापरतें परकेपण कोणतें?

पुढें त्याचा विवाह नताशा पॉम्पी हिच्याशीं झाला आणि तो दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागांतील इंडुल्काना ह्या तिच्या गांवीं राहूं लागला. ह्या ठिकाणाचें महत्त्व वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. हा मुलूख पित्जान्त्जाजारा व यांकुनित्जाजारा लोकांचा असून, १९८१ च्या कायद्यानें त्याची मालकी त्या लोकांच्या स्वाधीन झाली आहे. क्षेत्रफळ एक लक्ष चौरस किलोमीटरांहून अधिक. आल्बर्टला ज्या देशांत एक कुरण मिळालें नाहीं, त्याच देशांत व्हिन्सेंट मूळ रहिवाशांच्या मालकीच्या भूमीवर बसून चित्र काढतो. गांवांतील इवान्त्जा आर्ट्स ही कलाशाळाहि तेथील लोकांच्याच मालकीची व कारभाराची आहे. २०१२ च्या सुमारास व्हिन्सेंट तेथें चित्रें काढूं लागला. प्रथम त्यानें त्या प्रदेशांत रूढ झालेली ठिपक्यांची रीत चालवून पाहिली. पण त्याचें मन माणसांच्या तोंडवळ्यांकडे ओढ घेई, आणि थोड्याच काळांत तो व्यक्तिचित्रांकडे वळला.

त्याचें पहिलें मोठें काम पणजोबाविषयींच असावें हें स्वाभाविक होतें. २०१४ सालीं ‘आल्बर्टची कथा’ ह्या नांवानें त्यानें तेरा चित्रांची माला काढली. ती क्वीन्सलंडच्या कलासंग्रहालयानें घेतली. ह्याच संग्रहालयांत डार्गीनें काढलेलें आल्बर्टचें तें प्रसिद्ध चित्र आहे. व्हिन्सेंटनें तें तेथें जाऊन पाहिलें, आणि मग ‘आल्बर्ट आणि व्हिन्सेंट’ नांवाच्या चित्रांत पणजोबाशेजारीं स्वतःस काढलें. ज्या गौरवचित्रांत आल्बर्ट एकटा बसला होता, तेथें त्याच्या सोबतीस घरचा मनुष्य आला, असें आम्ही ह्या चित्राचें वर्णन करूं. आल्बर्टला मान पुष्कळ मिळाला होता, सोबत नव्हती.

त्यानंतर व्हिन्सेंटचा कुंचला सत्ताधाऱ्यांकडे वळला. १७७० सालीं ज्यानें ह्या खंडाचा पूर्व किनारा इंग्लंडच्या राजाच्या नांवें ताब्यांत घेतल्याचें जाहीर केलें, त्या कॅप्टन कुकचें, हातीं तें जाहीरनाम्याचें पत्रक घेतलेलें चित्र त्यानें काढलें. तें आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. मग ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान, धनाढ्य, इंग्लंडची राणी, सर्व ओळीनें त्याच्या चित्रांत आले. अॅक्रिलिकचे उघडे, भडक रंग. डोकीं थोडीं मोठीं. हंसूं किंचित् वाकडें. आणि ह्या थोरांच्या शेजारीं पुष्कळदां व्हिन्सेंट स्वतः, वाळवंटांतील टोपी घालून, बरोबरीच्या नात्यानें उभा. २०१९ सालीं अॅडलेडचें एक लक्ष डॉलरांचें रॅमसे पारितोषिक त्यास मिळालें, तें अशाच एका कृतीबद्दल : पुठ्ठ्यासारख्या पातळ लांकडी फळीच्या माणसाएवढ्या आकृतीवर एका अंगास कॅप्टन कुक, दुसऱ्या अंगास स्वतः व्हिन्सेंट. एकाच फळीच्या ह्या दोन बाजू. एकास पुढें आणावें तर दुसरा पाठीशीं असतोच. एक फोडून काढावा तर दुसराहि फुटतो. ऑस्ट्रेलियाचा इतिहास ह्याहून थोडक्यांत सांगतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

ह्या चित्रांवर एक आक्षेप वारंवार ऐकूं येतो, तो असा कीं, चेहरे हुबेहूब उतरत नाहींत, शरीराचीं प्रमाणें चुकतात, आणि हें सारें व्यंगचित्राच्या पायरीवर येतें. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. ज्यास व्यक्तिचित्रांत कातडीचा पोत व डोळ्यांतील पाणी पाहावयाचें आहे, त्याचें समाधान येथें होणार नाहीं. आणि एकाच ठशाचें हसूं पुष्कळ चेहऱ्यांवर फिरतें, हेंहि मान्य केलें पाहिजे. परंतु व्यक्तिचित्राचा इतिहास पाहतां तें बहुतेक काळ थोरांनीं पैसे देऊन आपल्या मर्जीप्रमाणें काढवून घेतलेलें असतें. व्हिन्सेंटचीं चित्रें कोणाच्या हुकुमावरून काढलेलीं नाहींत. दूरच्या खेड्यांतून, वृत्तपत्रांत छापलेल्या व पडद्यावर दिसलेल्या छबींवरून, सत्ता जशी दिसते तशी तो काढतो. आणि त्या विनोदांत विष नाहीं, ही त्याची विशेष खूण. स्वतःचा चेहराहि तो त्याच मापानें वाकडा काढतो. जो स्वतःस सोडीत नाहीं, त्याच्या थट्टेस आकस म्हणतां येत नाहीं.

२०२० सालचें आर्चिबाल्ड पारितोषिक मिळविणाऱ्या चित्रांत थट्टा जवळजवळ नाहींच. विषय आहे अॅडम गुड्स, मूळ रहिवाशांपैकीं एक नामांकित फुटबॉलपटु. २०१३ सालीं सामना चालू असतां प्रेक्षकांतून आलेल्या वर्णद्वेषी शब्दाबद्दल त्यानें उघड तक्रार केली. पुढें २०१४ सालीं त्या देशाचा ‘वर्षाचा मानकरी’ म्हणून त्याचा सत्कार झाला. आणि त्याच सुमारास मैदानामागून मैदानांत हजारों प्रेक्षक त्याची हुर्यो करूं लागले. शेवटीं २०१५ सालीं त्यानें खेळ सोडला. सत्कार आणि हुर्यो हीं दोन्ही एकाच समाजानें एकाच माणसास दिलीं! आल्बर्टच्या पदकाची व तुरुंगाचीच ही दुसरी आवृत्ति नव्हे काय? म्हणूनच व्हिन्सेंटनें त्यास निवडलें असेल. चित्रांत दोघे हातांत हात घेऊन उभे आहेत, आणि चित्राचें नांव, आपण जे आहों त्यासाठीं खंबीर उभे राहा, अशा अर्थाचें आहे. त्या पारितोषिकाच्या नव्व्याण्णव वर्षांच्या इतिहासांत तें मिळविणारा व्हिन्सेंट हा मूळ रहिवाशांपैकीं पहिलाच चित्रकार. त्याच वर्षीं त्यास ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’चें पदकहि मिळालें.

आतां शंका निघेल कीं, पदक तर पणजोबासहि मिळालें होतें. मग फरक कोणता? तो पुढच्या चार वर्षांत दिसला. २०२३ च्या ऑक्टोबरांत मूळ रहिवाशांस संसदेपुढें आपलें म्हणणें मांडणारें मंडळ राज्यघटनेनें द्यावें कीं नाहीं, ह्यावर जनमत घेण्यांत आलें. शेंकडा साठांच्या आसपास मतदारांनीं नकार दिला. त्याच महिन्यांत अॅडलेड येथें ‘रंगीत ऑस्ट्रेलिया’ ह्या आशयाच्या नांवाखालीं व्हिन्सेंटच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन सुरू झालें, आणि २०२४ सालीं तें राजधानी कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयांत गेलें. त्यांत एकवीस व्यक्तिचित्रांचा एक समूह होता, आणि त्यांपैकीं एक चित्र होतें खाणींच्या उद्योगावर त्या देशांतील सर्वांत श्रीमंत ठरलेल्या जिना राइनहार्ट ह्या बाईंचें. हें चित्र काढून टाकावें अशी मागणी बाईंनीं संग्रहालयाकडे केल्याचें मे महिन्यांत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. संग्रहालयानें चित्र हलविलें नाहीं. उलट जें चित्र फार तर कांहीं हजारांनीं पाहिलें असतें, तें जगभर छापलें गेलें. चित्रकारानें शांतपणें एवढेंच सांगितलें कीं, ज्यांचा ह्या देशावर बरावाईट प्रभाव पडला त्यांस मी रंगवितों. चित्र आवडलेंच पाहिजे असें नाहीं, पण लोकांनीं थांबून विचार करावा.

ह्या प्रसंगाचें महत्त्व श्रीमंत बाईंच्या नाराजींत नाहीं. आपलें चित्र आवडलें नाहीं, असें म्हणण्याचा हक्क कोणासहि आहे. महत्त्व ह्यांत आहे कीं, १९५९ सालीं ज्याच्या कुळांतील पुरुषानें पाल्यांच्या वसाहतींत शिक्षा भोगली, त्याच्या पणतूनें काढलेला चेहरा राष्ट्राच्या भिंतीवर राहिला, आणि तो राहावा कीं नाहीं हें ठरविण्याचें बळ धनाला लाभलें नाहीं. हा मान नव्हे. हा अधिकार आहे. पाहण्याचा अधिकार, पाहिलेलें सांगण्याचा अधिकार, आणि सांगितलेलें खोडून न काढलें जाण्याचा अधिकार.

अर्थात् एका चित्रकाराच्या यशानें सर्व हिशेब चुकता होत नाहीं. जनमताचा निकाल समोर आहे, आणि एका घराण्याच्या हातीं आलेला कुंचला म्हणजे सबंध लोकांच्या हातीं आलेली सत्ता नव्हे. तरीपण दोन नमात्जिरांमध्यें जें अंतर पडलें आहे, तें केवळ काळाचें नाहीं. आल्बर्टनें आपली भूमि रंगवून, ही आमची आहे, असें हळू आवाजांत सांगितलें, आणि ऐकणारांनीं त्यास देखाव्याबद्दल शाबासकी दिली. व्हिन्सेंटनें भूमीवर हक्क सांगणारांचेच चेहरे रंगविले, तेव्हां मात्र ऐकणारांस शाबासकी देऊन निसटून जातां आलें नाहीं. कलावंतास हार घालतांना, आपण त्यास काय देत आहों आणि काय देण्याचें टाळीत आहों, हा प्रश्न प्रत्येक समाजानें स्वतःस विचारावा. आमच्यापुरतें म्हणाल तर, तो प्रश्न विचारावयास लावणें हेंच आम्ही ह्या पणजोबा-पणतूंच्या कलेचें मोठें यश समजतों.